जिम गन आणि एक टक्का

गेले दोन वीकान्त जिम गन ह्या गृहस्थांनी खाल्ले. त्यांचा बिचाऱ्यांचा ह्यात काही दोष नाही. मीच त्यांचे जुने पेपर उतरवून घेतले आणि वाचत बसले. एक १९९८ चा, एका कॅमेऱ्याविषयी. दुसरा २००६ चा, त्या कॅमेऱ्यामागच्या दुर्बिणीविषयी. "आज पण तो टेक्सासवाला का?" असं नवऱ्याने दोनदा विचारून झालंय आणि धुणं अजून मशीनमध्येच आहे. असो.

तर मंडळी, आधी ओळख. जेम्स एडवर्ड गन, जन्म १९३८, टेक्सासमधलं लिव्हिंगस्टन. वडील तेलाच्या शोधात फिरणारे भूभौतिकतज्ज्ञ. पोराने १९६५ साली कॅलटेकमधून पीएचडी केली आणि त्याच वर्षी ब्रूस पीटरसन ह्या सहाध्यायाबरोबर एक छोटासा पेपर लिहिला. त्या पेपरातला मुद्दा इतका साधा आहे की आपल्याला का सुचला नाही असं वाटावं. (सुचला नसताच म्हणा.)

क्वेसार म्हणजे फार लांबचे, फार तेजस्वी दिवे. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षं लागतात. वाटेत जर साधं, न फुटलेलं हायड्रोजन पसरलेलं असेल, तर त्याने त्या प्रकाशातला एक विशिष्ट पट्टा पार गिळून टाकायला हवा. थोडासा नाही, पार. त्या वेळी माहीत असलेल्या एका लांबच्या क्वेसारचा वर्णपट बघितला तर तिथे प्रकाश शिल्लक होता. म्हणजे दोन दीर्घिकांच्या मधल्या जागेतलं हायड्रोजन कधीतरी फोडलं गेलं होतं, त्याचे इलेक्ट्रॉन सुटे झाले होते. कधी? ते कळायचं तर आणखी मागे, आणखी लांब बघायला हवं. एक वेळ अशी येईल की तो पट्टा खरंच काळाठिक्कर दिसेल. सत्ताविशी न गाठलेल्या पोराने हे कागदावर मांडून ठेवलं. दिसणार कधी? तर ३६ वर्षांनी. त्यावर येतेच.

आता असा माणूस पुढे काय करेल? आमच्या आयटीच्या हिशेबाने तो आर्किटेक्ट होईल. म्हणजे फळ्यावर चौकोन काढेल, बाण काढेल, आणि खालच्यांना 'इम्प्लिमेंट' करायला सांगेल. गन ह्यांनी फळ्यावरचं कामही भरपूर केलं. १९७२ मध्ये रिचर्ड गॉटबरोबर दीर्घिकांच्या समूहात पदार्थ कसा ओघळत येतो ह्यावरचा पेपर, १९७५ मध्ये बिअट्रिस टिन्सलीबरोबर विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होत असावं असं सुचवणारा पेपर. (हे १९९८ च्या तेवीस वर्षं आधी! तेव्हाचा विदा पुरेसा नव्हता, पण हिंमत बघा.) आणि हे करता करता माणूस पॅलोमारच्या दुर्बिणीसाठी हाताने उपकरणंही बनवत होता.

विदा पुरेसा नाही, ही खरी गोम. विश्वाची जडणघडण म्हणजे काय, तर दीर्घिका कुठे दाटीवाटीने आहेत, कुठे पोकळी आहे, आणि हा नकाशा असाच का. दहा-पाच दीर्घिका बघून हे कळत नाही. लाखो लागतात. आणि नुसत्या लाखो असून भागत नाही, त्या सगळ्या एकाच मापाने मोजलेल्या लागतात. इथे तो एक टक्का येतो, ज्याच्यामुळे माझे दोन वीकान्त गेले.

जरा हिशेब करू. समजा आपण ठरवलं, की अमुक तेजापेक्षा जास्त तेजस्वी दिसणाऱ्या सगळ्या दीर्घिका मोजायच्या. आता आकाशाच्या एका तुकड्यात आपलं उपकरण एक टक्का जास्त तेज दाखवतंय. मग सीमारेषेच्या जरा खालच्या दीर्घिका त्या तुकड्यात उगाचच पास होतील. किती? मंद दीर्घिका तेजस्वी दीर्घिकांपेक्षा खूप जास्त असतात, त्यामुळे एक टक्का तेजाला साधारण दीड टक्का दीर्घिका वाढतात. झालं! आकाशात एक खोटी गर्दी तयार. कोणी तिला भिंत म्हणेल, कोणी साखळी म्हणेल, त्यावर पेपर लिहील. आणि मोठ्या अंतरांवर विश्वातली खरी रचनाही केवढी असते? टक्क्याच्याच घरात. म्हणजे शोधायची गोष्ट आणि उपकरणाची चूक एकाच मापाची. अशा वेळी 'भिंगाचं ते इंजिनियर बघून घेतील' असं म्हणून चालत नाही.

१९८० च्या दशकात मोठ्या सीसीडी चिप मिळू लागल्या तेव्हा गन ह्यांच्या डोक्यात बसलं, की एक मध्यम आकाराची दुर्बीण घ्यायची, तिच्यावर खच्चून चिप बसवायच्या, आणि आकाशाचा मोठा भाग एकाच कॅमेऱ्याने, एकाच पद्धतीने टिपायचा. हाच पुढे स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे झाला. दुर्बीण फक्त अडीच मीटरची. जागा न्यू मेक्सिकोमधली अपाची पॉइंट, उंची २,७८८ मीटर. ह्या दुर्बिणीला घुमट नाही. रात्री अख्खं शेडच रुळांवरून बाजूला सरकवतात आणि दुर्बीण उघड्यावर येते, कारण घुमटातली गरम हवा चित्र थरथरवते.

कॅमेऱ्यात ३० मुख्य चिप. प्रत्येक २,०४८ बाय २,०४८ पिक्सेल. सहा उभे रकाने, प्रत्येकात पाच चिप, आणि पाचांवर पाच वेगवेगळे फिल्टर. सगळे मिळून १२ कोटींवर पिक्सेल. आज हा आकडा फोनच्या जाहिरातीतही दिसतो, पण हा कॅमेरा १९९८ च्या मे महिन्यात आकाशाकडे बघू लागला. तेव्हा आपल्याकडे फिल्मचा रोल ३६ फोटोंचा यायचा आणि शेवटचे दोन वाया जाऊ नयेत म्हणून घरातल्या कुंड्यांचे फोटो काढायचे.

आता खरी मजा. नेहमीच्या पद्धतीत दुर्बीण ताऱ्याच्या मागे मागे जाते, शटर उघडतं, बंद होतं, मग चिप वाचायची, मग पुढचा फोटो. गन ह्यांच्या कॅमेऱ्याला असं थांबणंच नाही. तारे चिपवरून वाहू द्यायचे, आणि तारा ज्या वेगाने सरकतो नेमक्या त्याच वेगाने चिपवरचा विद्युतभारही एकेक ओळ खाली सरकवत न्यायचा. तारा वरच्या कडेला शिरतो, खालच्या कडेला पोचेपर्यंत त्याचा प्रकाश साठत जातो, आणि तळाला ती ओळ वाचली जाते. रात्रभर. सरकत्या पट्ट्यावर माल भरत जावा तसं.

किती वेळ साठतो प्रकाश? एक पिक्सेल म्हणजे आकाशातले सुमारे ०.३९६ आर्कसेकंद. २,०४८ पिक्सेलचे ८११. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंदांनी सरकतं. भागाकार करा: ५४ सेकंद. सेकंदाला साधारण ३८ ओळी. एकच तारा मिनिटाभराच्या अंतराने एकामागून एक पाच फिल्टरखालून जातो. ह्या पद्धतीची खरी गंमत अशी की ताऱ्याचा प्रकाश चिपच्या एकाच पिक्सेलवर न पडता रकान्यातल्या सगळ्या २,०४८ पिक्सेलांवर पडतो, त्यामुळे एखादा पिक्सेल जरा जास्त संवेदनशील, एखादा मठ्ठ, हा सगळा फरक आपोआप सरासरीत जिरतो. एक टक्क्याची लढाई अर्धी इथेच जिंकली.

उरलेली अर्धी भिंगात. रुंद क्षेत्र दाखवणाऱ्या दुर्बिणीत (हिचं क्षेत्र तीन अंशांचं, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीत उभे राहतील एवढं) चित्र कडेला थोडं ताणलेलं असतं. साध्या फोटोत ते चालतं, नंतर गणिताने सरळ करता येतं. पण इथे तारा वाहतोय! क्षेत्र ताणलेलं असेल तर कडेचा तारा मधल्या ताऱ्यापेक्षा वेगळ्या वेगाने, आणि वर वाकड्या रस्त्याने जाणार. वेगात हजारात एकाचा जरी फरक पडला, तरी २,०४८ ओळी उतरेपर्यंत तो दोन पिक्सेल पुढेमागे झालेला असेल. ताऱ्याचा ठिपका न राहता फराटा होईल, आणि फराटा झाला की तेजाचं माप गेलं. हा रन-टाइमलाच होणारा घोळ आहे, नंतर पॅच मारता येत नाही.

म्हणून दुर्बीण अशी हवी, की जिच्यातून तीन अंशांच्या पट्ट्यात कुठलाही तारा सरळ रेषेत आणि एकाच वेगाने जाईल. त्यासाठी आरशांसोबत दोन दुरुस्तीची भिंगं होती. एक गॅस्कॉइन ह्या खगोलज्ञाच्या नावाचं, आणि दुसरं अगदी चिपच्या तोंडाशी बसवलेलं, विचित्र आकाराचं. शिवाय वर्णपट घ्यायचे तेव्हा कॅमेरा काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या बसवायच्या, ज्यांना आकाशातल्या जागांप्रमाणे ६४० भोकं पाडलेली, प्रत्येक भोकात हाताने खोचलेला एक प्रकाशतंतू. त्या कामाला वेगळं शेवटचं भिंग. एकाच दुर्बिणीला दोन चष्मे! ह्या दोन्ही पेपरांवर पहिलं नाव गन ह्यांचं आहे, आणि वाचताना कळतं की ते मानापुरतं लावलेलं नाही.

अवांतर: कॉलेजात असताना मी पुण्यात आरसा घासायच्या एका कार्यशाळेला गेले होते. सहा इंची काच, खाली दुसरी काच, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं, हात भरून येईपर्यंत. शेवटी गोलाकाराचा परवलयाकार करायचा असतो. दोन्हींत कडेला फरक किती? माझ्या आरशाचा हिशेब मी आत्ता परत केला. एका मिलिमीटरचे साडेतीन हजार भाग करा, त्यातला एक. आणि तेवढा फरक डोळ्यांना दिसतो, बरं का. आरशासमोर एक दिवा आणि ब्लेडची कड धरली की आरशावर सावल्यांची टेकाडं उठतात. तेव्हापासून भिंगा-आरशाच्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

गन ह्यांना ह्यातला चटका चांगला माहीत होता. हबल दुर्बिणीच्या पहिल्या मुख्य कॅमेऱ्याच्या चमूत ते उपप्रमुख होते. १९९० च्या एप्रिलमध्ये हबल वर गेली, आणि दोन महिन्यांत कळलं की मुख्य आरसाच कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट घासला गेलाय. केसाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी चूक. ती कशामुळे? तर आरसा तपासायच्या यंत्रात एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं होतं म्हणून. म्हणजे चुकीच्या युनिट टेस्टने हिरवा दिवा दाखवला आणि कोड प्रॉडक्शनला गेला! वर्षानुवर्षं खपून केलेला कॅमेरा चांगला, आणि त्याच्यावर पडणारा प्रकाशच विसविशीत. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, तोवर साडेतीन वर्षं गेली.

आता, हे सगळं मी ह्याच दोन वीकान्तांना का वाचत बसले?

मला हपिसात बढती देऊ केली आहे. चांगली आहे. हुद्दा मोठा, पगार मोठा, गृहकर्जाची पाच वर्षं कमी होतील एवढा मोठा. अट एकच, आणि ती कोणी अट म्हणून सांगितली नाही, प्रेमानेच सांगितली: "आता कोडमधून बाहेर ये. किती दिवस लॉग बघत बसणार? ते पोरं करतील." मी ३५ वर्षांची आहे आणि घरात, हपिसात, सगळ्यांना हे अगदी स्वाभाविक वाटतंय. सासूबाई तर पेढे आणायच्या बेतात आहेत.

गेल्या वर्षी एका ग्राहकाचा रोजचा हिशेब पाव टक्क्याने चुकायचा. दुकानातल्या कार्ड मशीनचे व्यवहार आमच्याकडे येतात, त्यांची बेरीज. सगळ्या डॅशबोर्डवर हिरवं, सगळ्या मीटिंगांमध्ये 'पाव टक्काच आहे ना' असं. तीन आठवडे मी खाली खाली उतरत गेले आणि शेवटी सापडलं की एका जुन्या मॉडेलच्या मशीनचं घड्याळ मागे पडायचं, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासचे व्यवहार दोन्ही दिवसांत धरले जायचे. वरच्या मजल्यावरून हे दिसलंच नसतं. ज्याला माहीत आहे की बेरजेत काय शोधायचंय, त्यालाच मशीनचं घड्याळ उघडून बघावंसं वाटतं. आणि ते तीन आठवडे, खरं सांगते, वर्षातले सगळ्यात चांगले होते.

असो. गोष्ट पुढे नेते.

स्लोन सर्व्हे उशिरा सुरू झाला. पैसे संपत आले, सॉफ्टवेअर लांबलं. (आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.) शेवटी २००० साली रीतसर काम सुरू झालं. एवढा विदा ठेवायचा कुठे आणि शोधायचा कसा, ह्यासाठी अ‍ॅलेक्स सालाय हे खगोलशास्त्रज्ञ जिम ग्रे ह्यांच्याकडे गेले. हेच ते डेटाबेसवाले, १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले. ग्रे ह्यांनी विचारलं, तुम्हाला विद्याला कुठले वीस प्रश्न विचारायचे आहेत? त्या वीस प्रश्नांभोवती रचना झाली आणि २००१ मध्ये स्कायसर्व्हर सगळ्या जगाला खुलं झालं. कोणीही यावं, एसक्यूएल लिहावं, आकाशाला विचारावं. २००७ च्या जानेवारीत ग्रे आईच्या अस्थी विसर्जित करायला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटे होडी घेऊन गेले आणि परत आले नाहीत. हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहाची चित्रं तपासत त्यांची होडी शोधली. सापडली नाही.

आणि मग ते एक टक्के फळायला लागले. २००१ मध्ये स्लोनच्या विद्यात एक क्वेसार सापडला, पाच फिल्टरांपैकी फक्त शेवटच्या, सगळ्यात तांबड्या फिल्टरमध्ये नीट दिसणारा. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय शंभर कोटी वर्षंही नव्हतं. हवाईच्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला आणि त्यात तो १९६५ चा पट्टा होता. काळाठिक्कर. सूत्र ज्याचं, कॅमेराही त्याचाच. मला ह्या ठिकाणी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं.

२००५ मध्ये ४६,७४८ तांबूस दीर्घिकांच्या नकाशात आणखी एक गोष्ट दिसली. विश्वाच्या पहिल्या पावणेचार-चार लाख वर्षांत तापलेल्या वायूत ध्वनिलहरी पसरत होत्या. वायू थंडावला आणि त्या जागच्या जागी गोठल्या. त्यांची खूण म्हणून आजही कुठल्याही दीर्घिकेपासून सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांवर दुसरी दीर्घिका सापडण्याची शक्यता किंचित जास्त असते. किंचित म्हणजे किती? शंभर जोड्यांमागे एखादी. ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या दुसऱ्या चमूलाही त्याच सुमारास हीच खूण दिसली, त्यामुळे शंका उरली नाही. त्याच वर्षी गन ह्यांना जिम पीबल्स आणि मार्टिन रीस ह्यांच्याबरोबर क्राफोर्ड पुरस्कार मिळाला, २०१९ मध्ये क्योटो. कॅमेरा २००९ च्या शेवटी निवृत्त झाला आणि स्मिथसोनियनच्या संग्रहात गेला. माणूस निवृत्तीला तयार नव्हता. हवाईतल्या सुबारू दुर्बिणीवर २०२५ मध्ये सुरू झालेल्या, एका वेळी जवळजवळ २,४०० तंतूंनी वर्णपट घेणाऱ्या उपकरणाच्या रचनेतही गन आहेतच.

मी शुक्रवारी रात्री मॅनेजरला मेल टाकली. बढती घेते, पण हिशेब जुळवणीचं मॉड्यूल माझ्याकडे राहील, त्याचा कोड मी लिहीन आणि त्याचे लॉगही मीच बघेन. हे चालणार नसेल तर आहे ते बरं आहे. मेल पाठवल्यावर अर्धा तास पोटात गोळा होता. उत्तर अजून आलेलं नाही.

काल दुपारी स्कायसर्व्हर उघडलं. २०१७ मध्ये आपल्या पुण्यात, आयुकाच्या आणि आयसरच्या मंडळींनी ह्याच विद्यातून दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधून काढला होता. चारशे कोटी प्रकाशवर्षं लांब, साठ कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. नाव ठेवलं सरस्वती. मीन राशीत आहे. तो सापडला स्ट्राइप ८२ नावाच्या पट्ट्यात. हा पट्टा खगोलीय विषुववृत्तावर आहे, आणि नेमक्या ह्याच पट्ट्यात दुर्बीण हलवावी लागत नाही. ती जागेवर उभी ठेवायची, बाकी काम पृथ्वी करते.

क्वेरी लिहिली. विषुवांश ३५० ते ३५८, क्रांती शून्याच्या आसपास, ताम्रसृती ०.२७ ते ०.२९. एंटर. धुण्याच्या मशीनने तिसऱ्यांदा शिट्टी मारली, आणि इकडे एकामागून एक रांगा यायला लागल्या. प्रत्येक रांग म्हणजे एक दीर्घिका, प्रत्येकीची पाच तेजं, प्रत्येक तेजामागे ५४ सेकंद.